खारपाणपट्ट्यात समुद्र : जुन्या सागवानाचा स्टँड आणि वरचं झाकण

कपाशीवाला | १६ फेब्रुवारी, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. या विभागात आजवर नुसता वाचत आलो, आज पहिल्यांदा धागा काढतोय. गप्पी, मोली, मग झाडांची टाकी असं करत करत आता खाऱ्या पाण्याच्या नादी लागलोय. गाव दर्यापूर तालुक्यात, म्हणजे खारपाणपट्ट्यात, जिथं जमिनीखालचं पाणीच खारं. समुद्र पाच-सहाशे किलोमीटर लांब, पण विहिरीचं पाणी मात्र तोंडात धरवत नाही. त्यामुळे घरचे म्हणतात, मासे खारेच पाळायचे तर विहिरीत सोड की!

टाकी अमरावतीहून करून आणली. ४ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, १० मिमी काच. सध्या ती रिकामी, गादीवर आडवी, आणि घरातलं मांजर तिच्यात झोपतं. प्रश्न स्टँडचा आहे. दुकानातला भुश्याच्या बोर्डाचा स्टँड नको, हे पक्कं. एका मित्राकडचा तसला स्टँड पाहिलाय. खालच्या कडा पाणी पिऊन पोळीसारख्या फुगल्या होत्या, आणि त्याची टाकी तर गोड्या पाण्याची होती.

गेल्या वर्षी आजोबांचं धाब्याचं घर उतरवलं. त्याच्या कड्या, म्हणजे छताची आडवी लाकडं, आणि खांब गोठ्यात रचून ठेवलेत, सगळा साग. गावातले सुतारकाका ६८ वर्षांचे आहेत. आयुष्यभर बंड्या (बैलगाड्या), वखर, तिफणी केल्या, आता लोखंडी अवजारं आल्यापासून हात रिकामे. त्यांना मी वजनाचा हिशोब सांगितला. टाकी काठोकाठ धरली तर २५५ लिटर, दगड-वाळूनं जागा खाल्ल्यावर पाणी २४० किलोच्या आसपास. काच ५० किलो, दगड आणि वाळू ५५, वरचं झाकण आणि दिवे १५. म्हणजे ३६० किलो, कापसाच्या दोन गाठींहून जास्त.

काका म्हणाले, "बंडीवर धा क्विंटल जाते, आन् ते तं चालते बी. हे तं एका जागी उभं रायनार."

बेत असा: ३ × ३ इंचाचे सहा पाय, उंची ३० इंच, वर ३ × २ ची चौकट उभ्या अंगानं, तिच्यावर १९ मिमी प्लाय. आत खाली सम्प, म्हणजे पाणी गाळायची दुसरी छोटी टाकी. समोर दोन दारं. काही चुकत असेल तर लाकूड कापायच्या आधी सांगा. झाकणाचं तर मला काहीच कळत नाहीये.

---

बह्याड पोट्टा | १६ फेब्रुवारी, रात्री ११:०५

भाऊ, कायले येवढी माथाफोड? इटायचा ओटा बांधा, वर कडप्पा टाका, झालं. आमच्या घरी माठाचा ओटा चाळीस वर्साचा हाये, अजून हालला नाई.

---

अंबानगरी | १७ फेब्रुवारी, सकाळी ७:५०

ओटा ही चेष्टा नाही, खरंच चांगली सूचना आहे. मी लोखंडी अँगल सुचवणार होतो, पण खाऱ्या पाण्याला लोखंड टिकत नाही हे स्वतः भोगलंय. पावडर कोटिंग केलेला अँगल होता. वेल्डिंगच्या सांध्यात मिठाची पांढरी पापडी धरली आणि दोन वर्षांत तिथून गंज सुरू. वर्षातून दोनदा घासून रंग द्यायची तयारी असेल तर अँगल घ्या.

---

वाळूशिंपला | १७ फेब्रुवारी, दुपारी १:१५

मी पुण्यात, नऊ वर्षं खाऱ्या पाण्यात हात आहेत. बेत चांगला आहे, पण काळजी चुकीच्या गोष्टीची चालली आहे. वजनानं लाकडी स्टँड मोडत नाही. ३ × ३ च्या सागाच्या पायावर उभ्या रेषेत साठ किलो म्हणजे काहीच नाही. स्टँड पडतो तो आडवा डुलून. कुणी टेकलं, पोरगं आपटलं की चौकटीच्या आयताचा समांतरभुज चौकोन व्हायला बघतो. लाकूड तेवढं वाकून परत येतं, पण काचेचा सिलिकॉनचा सांधा येत नाही.

म्हणून मागच्या बाजूला १२ मिमी प्लाय गोंद आणि स्क्रू लावून पक्का बसवा, दोन्ही बाजूंनाही. समोर दारं, तिथे काही करता येत नाही, म्हणून ह्या तीन बाजू महत्त्वाच्या. मात्र मागचा प्लाय अख्खा ठेवू नका. मधोमध मोठा चौकोन कापा, कडेनं ५-६ इंच राहू द्या. ताकद कडेत असते. मधल्या भोकातून पाइप, वायरी आणि वारा. बंद पेटीत सम्प म्हणजे भट्टी.

दुसरं, टाकीची कड थेट चौकटीवर यायला हवी. स्टँड टाकीपेक्षा दोन-दोन इंच मोठा करून कड नुसत्या प्लायवर आली तर सगळं गणित बिघडलं.

तिसरं, वायरी. बोर्ड टाकीच्या खाली नको, बाजूला भिंतीवर. प्रत्येक वायरीला प्लगच्या खाली झोल द्या, म्हणजे थेंब ओघळत आला तर झोलाच्या टोकाला गळेल, प्लगमध्ये शिरणार नाही. आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच. गावात अर्थिंग किती घरांना खरं असतं, हे मी सांगायला नको.

---

सुताराची लेक | १७ फेब्रुवारी, रात्री ९:३०

माझे वडील परतवाड्याला सुतारकाम करत, त्यामुळे लाकडाबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही.

धाब्याच्या घराचं लाकूड सोन्यासारखं आहे, सांभाळून वापरा. नवा साग कितीही "सुकलेला" म्हणून विकला तरी आत ओल असते. तुमच्या कड्या साठ-सत्तर उन्हाळे पाहून बसल्यात, त्या आता पिळणार नाहीत. पण रंधा लावायच्या आधी लोहचुंबक फिरवा. जुन्या घराच्या लाकडात खिळे कुठे असतील सांगता येत नाही. मशिनच्या रंध्याला लागला तर पातं गेलं आणि डोळाही जाऊ शकतो. धाब्याच्या मातीत पुरलेली टोकं हातभर कापून टाका, वाळवी तिथूनच शिरलेली असते.

सांध्याबद्दल. वरची आडवी पायाच्या डोक्यावर बसली पाहिजे. बाजूनं टेकवून स्क्रू मारलेली नको. वजन लाकडावरून लाकडावर उतरावं, स्क्रूनं फक्त धरून ठेवायचं. ज्यांनी बंड्या केल्यात ते खाच पाडून कुसू बसवतीलच, त्यांना शिकवू नका.

दारांबद्दल मात्र ऐका. लाकूड लांबीत वाढत नाही, रुंदीत वाढतं. आपल्याकडे मे महिन्यात हवा पापडासारखी कोरडी आणि श्रावणात भिंतीला हात लावला तर ओला होतो. १५ इंच रुंदीची अखंड सागाची फळी या दोन टोकांत ३ ते ५ मिमी फिरते, आणि साग तर त्यातल्या त्यात शहाणं लाकूड! म्हणून चौकट करा, तिला आतून खाच पाडा आणि मधली फळी त्या खाचेत सैल सोडा. गोंद लावू नका. आणि दार चौकटीत बसवताना चारी बाजूंनी फट ठेवा. फेब्रुवारीत गच्च बसलेलं दार आषाढात उघडत नाही.

---

कपाशीवाला | १८ फेब्रुवारी, रात्री १०:१०

ताई, तुमचं सगळं काकांना वाचून दाखवलं. कुसवाच्या वाक्याला मान हलली. फटीच्या वाक्याला म्हणाले, "दार दिसाले पन बरं पायजे न." बघू.

ओट्याबद्दल: बांधला असता, पण खाली सम्प ठेवायचाय. शिवाय ही खोली मागाहून काढलेली पडवी आहे. मूळ घराच्या जोत्यात काळी माती काढून मुरूम भरलाय, पडवीखाली नाही.

---

मास्तर | १८ फेब्रुवारी, रात्री १०:४५

हे शेवटचं वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात, पण मला त्याचीच धास्ती वाटते. काळी कपाशीची माती पाणी प्यायली की फुगते, उन्हाळ्यात आक्रसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्यावरची फरशी दर वर्षी थोडी वर-खाली होणारच. टाकी ठेवायची असेल तर मुरूमवाल्या खोलीत ठेवा.

---

कपाशीवाला | १९ फेब्रुवारी, सकाळी ६:३०

त्या खोलीत आई झोपते आणि तिला पंपाची घरघर नको. पडवीच.

---

बह्याड पोट्टा | १९ फेब्रुवारी, सकाळी ८:००

माय जिंकली. विषय खतम.

---

अंबानगरी | १९ फेब्रुवारी, दुपारी ४:२०

पाण्याचं काय केलंत? बोअरचं पाणी आधीच खारं, त्यात थोडं मीठ घालून भागत नाही का, असं मला दर महिन्याला कुणीतरी विचारतं. लोणारचं पाणी आणू का, असंही एकानं विचारलं होतं.

---

वाळूशिंपला | १९ फेब्रुवारी, सायंकाळी ६:००

दोन्हींचं उत्तर नाही. समुद्राच्या लिटरभर पाण्यात ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यात मीठ तर आहेच, शिवाय मॅग्नेशियम, कॅल्शियम, सल्फेट ठरलेल्या प्रमाणात. खारपाणपट्ट्याच्या पाण्यात सोडियम जास्त, त्यात शेतातून झिरपलेलं नायट्रेट, आणि प्रमाण भलतंच. वर कितीही मीठ टाका, ते प्रमाण जुळत नाही. खड्याचं मीठही चालत नाही. टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्याच्या जवळचं पाणी आणि त्यात समुद्री क्षारांचं तयार मिश्रण, याला पर्याय नाही.

लोणारचं पाणी खारं आहेच, पण सोड्यामुळे अतिशय अल्कधर्मी आहे, सामू दहाच्या घरात. समुद्राचा ८.१ ते ८.३. त्या सरोवरात मासे नाहीत ते उगाच नाही. शिवाय ते अभयारण्य आहे, २०२० पासून रामसर स्थळही. तिथून कॅन भरून आणायचा विचार डोक्यातून काढा.

---

कपाशीवाला | १९ फेब्रुवारी, रात्री ९:००

माझ्या बोअरचा टीडीएस २२०० भरला. आम्ही "खारं, खारं" म्हणून बोंबलतो ते पाणी समुद्राच्या सोळाव्या हिश्शाइतकंच खारं निघालं, हे कळल्यावर थोडा हिरमोड झाला! घरचा आरओ त्या पाण्यावर तीन महिन्यांत मान टाकेल. म्हणून गावातल्या आरओचे कॅन आणतो, त्याचा ८० येतो, आणि ते पाणी घरी डीआयच्या, म्हणजे उरलेसुरले क्षार काढणाऱ्या, नळीतून काढतो. मग शून्य.

---

कपाशीवाला | ९ मार्च, रात्री १०:३०

प्रगती. आणि एक माती खाल्ली, ती आधी सांगतो.

स्टँड उभा राहिला. काकांनी १२ दिवस घेतले. कड्यांवरचा काळा थर रंध्यानं उतरला आणि आत मधासारखा रंग, साठ वर्षांनी सागाचा वास आला खोलीभर. आई दारात येऊन उभी राहिली. त्या कडीला माझा पाळणा टांगायचे म्हणे.

तर स्टँड आडवा करून, उभा करून, त्यावर आम्ही तिघं बसून पाहिलं. हालला नाही. मग सम्प उचलला. ३० इंच लांब, १४ रुंद. आणि समोरच्या मधल्या पायामुळे प्रत्येक दाराची मोकळी जागा १९ इंच! सम्प आत जाईना. तिरका करून, उलटा करून, सगळं करून पाहिलं. मागे प्लाय बसवून झालेला, त्याचं भोक त्याहून लहान. मी टाकीची मापं दहादा घेतली, सम्पची एकदाही घेतली नाही.

काका काही बोलले नाहीत. बिडी ओढली. मग मधला पाय खालून-वरून कापून काढला आणि त्याला स्टेनलेसचे बोल्ट लावून निघणारा केला. वरची चौकट जरा खाली येऊ नये म्हणून त्या जागी आतून ३ × २ चा आणखी एक तुकडा उभ्या अंगानं, लांबीभर. आता पाय काढायचा, सम्प सरकवायचा, पाय परत बसवायचा. भरलेल्या टाकीखाली तो पाय काढायचा नाही, हे लाल पेननं आतल्या बाजूला लिहून ठेवलंय.

तेव्हा वाचणाऱ्यांनो, सम्प आधी, स्टँड नंतर.

दुसरं. शेजारच्यानं वाळवीचं औषध आणून दिलंय, पायांना पाजा म्हणतो. पाजू का?

---

वाळूशिंपला | ९ मार्च, रात्री १०:३८

नाही!!! डबा घराबाहेर ठेवा.

वाळवीच्या बहुतेक औषधांत क्लोरपायरिफॉस किंवा पायरेथ्रॉइड गटातलं काहीतरी असतं. कोळंबी आणि खेकडे नात्यानं किड्यांच्याच जवळचे. जे वाळवीला मारतं ते त्यांना अगदी थोड्या मात्रेत मारतं, आणि पायरेथ्रॉइड माशांनाही जहाल. डास मारायचा फवारा, कॉइलही त्या खोलीत नको.

आणि कपाशीवाले, तुमच्यासाठी खास: फवारणी करून आलात त्या दिवशी टाकीत हात घालायचा नाही. साबणानं धुतला तरी नाही. कोपरापर्यंतचे हातमोजे ठेवा आणि ते फक्त टाकीचे. फवारणीचा पंप पडवीत ठेवत असाल तर आजच हलवा.

---

कपाशीवाला | ९ मार्च, रात्री १०:५२

पंप पडवीतच होता. हलवला. डबा परत केला. धन्यवाद, हे मला कुठल्याच व्हिडिओत कुणी सांगितलं नव्हतं.

---

सुताराची लेक | १० मार्च, सकाळी ९:१५

वाळवीसाठी पाय जमिनीवरून उचला. प्रत्येक पायाखाली कडप्प्याचा तुकडा. फरशी पुसताना पाणीही लागणार नाही. पॉलिशला अळशीचं तेल नको, महिनाभर वास जात नाही. पीयूचे (पॉलियुरेथेन पॉलिशचे) तीन हात द्या, पायांच्या तळव्यांना आणि कापलेल्या टोकांना चार. लाकूड पाणी पितं ते टोकाकडून. आणि तीन आठवडे वाळू द्या, मगच पाणी भरा.

---

मास्तर | १० मार्च, दुपारी १२:००

दगडांबद्दल एक. प्रवाळाचे दगड, समुद्री पंखे, समुद्री घोडे यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. "किनाऱ्यावरून आणलंय" म्हणून कुणी देऊ केलं तर घेऊ नका.

---

कपाशीवाला | १० मार्च, रात्री ८:३०

नाही मास्तर. दगड कोरडे, दुकानातून पावतीसह. मासे दोनच घ्यायचेत, हॅचरीत वाढलेली क्लाउनफिशची जोडी. आता झाकणाकडे वळू या. उन्हाळा तोंडावर आलाय आणि माझी झोप उडाली आहे.

---

वाळूशिंपला | १० मार्च, रात्री ९:४५

पुण्यात झाकण शोभेचं असतं. तुमच्याकडे तेच कूलर आहे, म्हणून नीट लिहितो.

टाकीचं पाणी २५ ते २७ अंशांत ठेवायचं असतं. घट्ट झाकण म्हणजे आत वाफ आणि दिव्यांची उष्णता कोंडणार. मागची बाजू ६ इंच पूर्ण मोकळी सोडा. समोरून किंवा एका बाजूनं दोन १२० मिमीचे कॉम्प्युटरचे पंखे, १२ व्होल्टचे, पाण्यावर तिरका वारा मारतील असे. बहुतेक जण ते हवा बाहेर ओढतील असे लावतात आणि सहा महिन्यांत पंखे गंजवतात, कारण खारी वाफ त्यांच्या पोटातून जाते. आत फुंकणारा पंखा कोरडी हवा खातो, त्यामुळे टिकतो.

दिव्यांचे ड्रायव्हर झाकणाच्या बाहेर. उंची आतून १० इंच, म्हणजे दिवा पाण्यापासून ८ इंच राहील. मागच्या मोकळ्या जागेला बारीक नायलॉनची जाळी. मासे उडी मारतात, आणि गावच्या घरात पाली असतातच. आतून पांढरा इपॉक्सी रंग. स्क्रू स्टेनलेसचे, ३१६ प्रतीचे मिळाले तर उत्तम.

झाकण दोन तुकड्यांत करा, एका माणसाला उचलता आलं पाहिजे. चार फुटी सागाचं अखंड झाकण एकदा उचलाल, दुसऱ्यांदा टाकी साफ करायचा कंटाळा कराल.

---

कपाशीवाला | ११ मार्च, रात्री ९:२०

काकांनी दोन सुंदर पितळी बिजागऱ्या काढून ठेवल्यात, जुन्या घराच्याच. त्यांना गंज नाही चढत. झाकणाला लावतो.

---

वाळूशिंपला | ११ मार्च, रात्री ९:३१

स्टँडच्या दाराला लावा. पाण्याच्या डोक्यावर पितळ नको. पितळात तांबं आहे. खाऱ्या वाफेनं हिरवी कळकी धरते आणि तिचा थेंब टाकीत पडतो. माशांना एकवेळ सोसेल, कोळंबी, शंख, खेकडे यांना नाही.

---

मास्तर | १२ मार्च, सकाळी ८:१०

पंख्याचं गणित मुलांना वर्गात सांगण्यासारखं आहे. एक लिटर पाणी वाफ होऊन गेलं की सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता सोबत नेतं. २५० लिटरच्या टाकीत तेवढ्यानं तापमान २.३ अंशांनी उतरावं. खोलीतून उष्णता सतत आत येत राहते, म्हणून प्रत्यक्षात कमी उतरेल. पण आपली मे महिन्यातली हवा इतकी कोरडी असते की पाणी भराभर उडेल. माठ पुण्यापेक्षा अकोल्यात जास्त गार होतो तो यामुळेच. भीती वाटते ती जूनची. पहिला पाऊस पडून गेला की हवा दमट, ऊन मात्र तसंच. तेव्हा माठही गार होत नाही.

---

कपाशीवाला | २३ मे, रात्री ११:००

बरेच दिवस आलो नाही. पाणी एप्रिलच्या सुरुवातीला भरलं, पाणी माशांजोगं होईपर्यंत महिनाभर नुसत्या दगडांकडे पाहत बसलो. अमोनिया चढला, उतरला, मग नायट्राइट चढलं, उतरलं. गेल्या आठवड्यात जोडी आली. नागपूरहून गार पेटीत, मांडीवर धरून.

आज बाहेर ४५. खोलीत ३७. पाणी २७.८!

पंखे दिवसभर चालू. रोज ६-७ लिटर पाणी उडतं. तेवढं गोडं पाणी सकाळ-संध्याकाळ सम्पमध्ये भरतो, नाहीतर एका दिवसात ३५ ची क्षारता ३६ होते. पहिल्या आठवड्यात मी उडालेल्या पाण्याच्या जागी खारं पाणी घालत होतो. मीठ उडत नाही, पाणीच उडतं, हे लक्षात यायला चार दिवस आणि एक शंख गेला.

गंमत म्हणजे पडवीत कूलर लावला की पाणी तापतं. कूलरनं खोली गार होते पण हवा ओली होते, मग टाकीवरचं पाणी उडत नाही. आता कूलर आईच्या खोलीकडे तोंड करून ठेवलाय. आई खूश.

परवा वादळात साडेपाच तास वीज नव्हती. टाकीतलं पाणी पाइपातून उलटं सम्पमध्ये उतरलं, साधारण ११ लिटर. सम्पमध्ये १५ लिटरची जागा मोकळी सोडली होती म्हणून फरशी कोरडी राहिली. बॅटरीचा एअर पंप रात्रभर फुसफुसत होता.

---

बह्याड पोट्टा | २४ मे, सकाळी ७:१५

भाऊ, आमाले कूलर भेटत नाई आन् तुमच्या मासोयीले दोन दोन पंखे! फोटो टाका.

---

अंबानगरी | २४ मे, सकाळी १०:००

४५ मध्ये २७.८ म्हणजे कमाल आहे. आमच्या शहरातल्या गच्चीखालच्या खोलीत मला हे जमलं नव्हतं. वाचनखूण साठवली.

---

कपाशीवाला | २९ जून, रात्री १०:१५

मास्तर जिंकले. मे तरला, जून घामाघूम.

बाहेर ३४, म्हणजे मे महिन्यापेक्षा अकरा अंश कमी, आणि पाणी ३०.६. पंखे फिरतायत, पाणी उडतच नाही. दिवसाला दीड लिटर. मासे वरच्या थराला, कल्ले भराभर. कोमट खाऱ्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, हे वाचलं होतं, आता पाहिलं. दिवे चार तासांवर आणले, रात्री गोठलेल्या बाटल्या सम्पमध्ये. शेवटी जुना चिलर, म्हणजे पाणी गार करायचं यंत्र, घेतला. स्टँडच्या आत ठेवणार होतो, बरं झालं ठेवला नाही. तो जेवढी उष्णता पाण्यातून काढतो तेवढी, वर स्वतःची, मागून बाहेर फेकतो. खिडकीबाहेर पत्र्याखाली ठेवलाय, पाइप भिंतीतून. आता २६.९.

पेरणीचे दिवस आणि हा खर्च. घरात दोन दिवस कुणी माझ्याशी नीट बोललं नाही.

---

कपाशीवाला | ११ ऑगस्ट, रात्री ९:४०

आणि मास्तर पुन्हा जिंकले. काठापासून पाण्याची रेघ डावीकडे उजवीपेक्षा ५ मिमी वर आली आहे. पडवीचा उजवा कोपरा मातीनं उचलला. स्टँडचा एकही सांधा हललेला नाही, काच ठीक. पण रोज सकाळी पट्टी घेऊन मोजतोय.

---

वाळूशिंपला | ११ ऑगस्ट, रात्री १०:२०

चार फुटांत ५ मिमीनं टाकी फुटत नाही. एक कोपरा वेगळा उचलला गेला, म्हणजे पीळ पडला, तर फुटते. समोरची रेघ आणि मागची रेघ सारखीच तिरकी आहे का ते बघा. सारखी असेल तर घाई नको. टाकी आणि स्टँडच्या मध्ये काहीही कोंबू नका. जे करायचं ते पायांखाली. पाणी चतुर्थांशावर आणा, मासे टबात, मग डाव्या बाजूच्या दोन्ही पायांखाली एकाच जाडीची पट्टी, मधल्या दोन्हींखाली तिच्या निम्म्या जाडीची. पाचर नको, तिचं टोकच वजन घेतं.

---

कपाशीवाला | १३ ऑगस्ट, रात्री ११:१०

समोर-मागे सारखीच तिरकी होती. आज केलं. काका, मी, पुतण्या आणि ट्रॅक्टरचा जॅक. ५ मिमी जाडीची ॲल्युमिनियमची पट्टी खिडकीच्या दुकानात मिळाली. रेघ सरळ. माती परत बसेल तेव्हा दिवाळीनंतर पट्टी काढावी लागेल, असं दिसतंय.

सुताराच्या लेकीला एक कबुली द्यायची आहे. दाराला फट ठेवली नव्हती. डावं दार गेल्या सोमवारपासून उघडत नाही. आज पट्टी टाकताना ते उचकटून काढावं लागलं.

---

सुताराची लेक | १४ ऑगस्ट, सकाळी ८:०५

रंधा मारू नका हं त्याला आता. आत्ता घासलं तर मार्गशीर्षात दार आणि चौकटीतून बोट जाईल. दार काढून भिंतीला उभं करून ठेवा, सपाट, तिरकं नको. दिवाळीनंतर सुकलं की कागदाच्या घड्या घालून फट मोजा, मग घासा.

---

कपाशीवाला | १४ ऑगस्ट, रात्री ८:५०

काकाही हेच म्हणाले, फक्त दिवाळीऐवजी "कापूस वेचाले आला का मंग पाहू" म्हणाले. दार भिंतीला उभं केलंय. सध्या त्या उघड्या खणात, सम्पच्या शेजारी, मांजर झोपतं. फोटो उद्या टाकतो.